स्लीपिंग बॅगेवरचा आकडा नेमका कोणाचा?

माझी पहिली स्लीपिंग बॅग मी तिच्यावरच्या ठळक आकड्याकडे पाहून घेतली. उणे ५ अंश सेल्सिअस, असे बोटभर उंचीच्या अक्षरांत छापलेले होते. ज्या वाटेवर मी जाणार होते तिथे रात्रीचे तापमान फार तर शून्यापर्यंत उतरणार होते, त्यामुळे पाच अंशांची शिल्लक हाताशी आहे असा हिशेब करून मी निर्धास्त झाले. चौथ्या रात्री, एका खिंडीखालच्या मुक्कामात, पहाटे तीनच्या सुमारास मी सोबतचे सगळे कपडे आणि वर पावसाळी जाकीट चढवून, गुडघे पोटाशी घेऊन कुडकुडत बसले होते. तंबूच्या दाराशी अडकवलेला छोटा तापमापक तेव्हा शून्य दाखवत होता.

बॅगेच्या आतल्या शिवणीत एक बारीक अक्षरांचे लेबल असते, ते मी त्या रात्री विजेरीच्या उजेडात पहिल्यांदा वाचले. त्यावर तीन आकडे होते : कम्फर्ट १, लिमिट उणे ५, एक्स्ट्रीम उणे २१. हे आकडे एका प्रमाणित चाचणीतून येतात. २००२ मध्ये त्यासाठी ईएन १३५३७ हे युरोपीय मानक आले आणि २०१६ मध्ये त्याची जागा आयएसओ २३५३७ ने घेतली. चाचणीत तापवता येणारा एक पुतळा बॅगेत झोपवतात, त्याच्या अंगातून किती उष्णता बाहेर जाते ते मोजतात आणि त्यावरून तीन तापमाने काढतात. कम्फर्ट म्हणजे सर्वसाधारण स्त्री ज्या तापमानाला सैलावून, आरामात झोपू शकेल ते. लिमिट म्हणजे सर्वसाधारण पुरुष अंग आखडून जेमतेम रात्र काढू शकेल ते. एक्स्ट्रीम हा आकडा झोपेचा नाहीच. सहा तास जीव तगून राहील, हिमदंश मात्र होऊ शकेल, अशी ती पातळी आहे. थोडक्यात, बॅगेवर ठळक छापलेले उणे ५ हे २५ वर्षांच्या, ७३ किलो वजनाच्या आणि अंगाचे मुटकुळे करून पडलेल्या एका काल्पनिक गृहस्थांसाठी होते. माझा त्यांच्याशी काहीही संबंध नव्हता. तेव्हापासून मी फक्त कम्फर्टचा आकडा पाहते, आणि वाटेवर अपेक्षित असलेल्या सर्वांत थंड रात्रीपेक्षा तो तीन-चार अंश खाली असेल अशीच बॅग निवडते. लांबच्या वाटेवर शरीर दिवसागणिक थकत जाते आणि थकलेल्या शरीराला थंडी अधिक बोचते; ही बाब कोणत्याही लेबलावर लिहिलेली नसते.

सगळा दोष लेबलाचा मात्र नव्हता. त्या रात्री मी पाठीखाली हात घालून पाहिले, तर वरच्या बाजूला चार बोटे फुगलेली बॅग खाली नुसत्या दोन कापडांइतकी चपटी झाली होती. ऊब देते ती भरावात अडकून राहिलेली हवा. अंगाच्या वजनाखाली ती हवाच निघून गेली की भराव कितीही उंची असला तरी उपयोगाचा राहत नाही. खालून येणारी थंडी अडवण्याचे काम मॅटचे असते, आणि माझी मॅट जुनी व पातळ होती. मॅटची उष्णता रोखण्याची क्षमता आर-व्हॅल्यू या अंकात सांगतात. उन्हाळ्यातल्या वाटेला २ च्या आसपासची मॅट पुरते, जमीन गोठलेली असेल तर ४ किंवा त्याहून अधिक हवी. दोन मॅट एकमेकींवर ठेवल्या तर त्यांच्या आर-व्हॅल्यूंची सरळ बेरीज होते, हेही उपयोगाचे आहे. बॅगेची चाचणी चांगल्या मॅटवरच होत असल्यामुळे पातळ मॅटवर झोपणाऱ्याने लेबलावरच्या आकड्यावर हक्क सांगू नये.

भराव डाउनचा घ्यावा की सिंथेटिक, हा प्रश्न लांबच्या वाटेवर जरा वेगळ्या रीतीने तपासावा लागतो. तेवढ्याच उबेसाठी डाउन, म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या अंगावरची मऊ लव, वजनाला बरीच हलकी असते, सॅकमध्ये कमी जागा घेते आणि नीट राखली तर कितीतरी वर्षे टिकते. तिचा दर्जा फिल पॉवरने मोजतात : एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम लव फुलून किती घन इंच जागा व्यापते तो हा आकडा. ८०० फिल पॉवरची एवढीशी लव १३ लिटर जागा भरते, म्हणजे जवळजवळ एक बादली. या आकड्यानेही फसायला होते, कारण तो लवेचा दर्जा सांगतो, बॅगेची ऊब सांगत नाही. ८०० ची ३०० ग्रॅम लव भरलेल्या बॅगेपेक्षा ६५० ची ४५० ग्रॅम लव भरलेल्या बॅगेत एकूण फुगवटा सुमारे पाचव्या हिश्शाने जास्त असतो. त्यासाठी दीडशे ग्रॅम अधिक वाहावे लागतात, एवढाच फरक. म्हणून भरावाचे वजन विचारल्याशिवाय फिल पॉवरचे कौतुक ऐकून घेऊ नये.

डाउनचे वैर ओलाव्याशी. पावसात बॅग भिजेल अशी भीती सगळ्यांना असते, पण ती भीती एका जलरोधक पिशवीने मिटते. खरा त्रास देतो तो हळूहळू साचणारा ओलावा : रात्रभर अंगातून निघणारी वाफ भरावात अडकते, श्वासाचे बाष्प तंबूच्या आतल्या बाजूला थेंब धरते आणि पायाकडचे टोक त्या भिंतीला टेकून ओले होते. दोन रात्रींच्या सहलीत हे लक्षातही येत नाही. सलग दहा-बारा दिवस ढगाळ मिळाले, तेव्हा मी माझी नंतरची बॅग उजेडासमोर धरून पाहिली, तर पायाकडच्या कप्प्यांत लवेचे वाटाण्याएवढे गोळे झाले होते आणि मधली जागा आरपार दिसत होती. सिंथेटिक भराव ओला झाला तरी बरीचशी ऊब राखतो आणि लवकर वाळतो, पण तो जड असतो आणि रोज दाबून भरल्यामुळे त्याचा फुगवटा लवकर कमी होत जातो. जिथे दिवसच्या दिवस ऊन मिळणार नाही अशा दमट वाटेवर मी सिंथेटिकचे वजन मुकाट्याने वाहीन, इतरत्र डाउन.

मापाकडे लोक फारसे लक्ष देत नाहीत, याचे मला नवल वाटते. बॅग घेण्यापूर्वी आत शिरून, चेन पूर्ण लावून, कुशीवर वळून पाहावे. आखूड बॅगेत पाय टोकाला रेटले जातात आणि नेमका तिथलाच भराव चपटा होतो. फार मोठ्या बॅगेतली रिकामी हवा अंगच्या उबेवर तापवत बसावे लागते. मानेभोवतीची भरीव पट्टी आणि चेनच्या आतून जाणारी गुंडाळी नसेल, तर कूस बदलताना आतली ऊब भसकन बाहेर जाते. पाठीचा भाग आणि टोपी दोन्ही काढून टाकलेली क्विल्ट हलकी असते आणि उबदार रात्रींना मला ती आवडतेही, पण मी झोपेत फार वळवळते, त्यामुळे तापमान शून्याखाली जाणार असेल तर मला टोपीची बॅगच लागते.

आता माझ्याजवळ कम्फर्ट उणे ४ ची डाउन बॅग आहे. घरी ती मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवते, कारण दाबून ठेवलेली लव महिनोन्‌महिन्यांनी पूर्वीसारखी फुलत नाही. वाटेवर असताना दुपारच्या विश्रांतीला ऊन असेल, तर सॅकमधून बूट-मोजे निघण्याआधी ती निघते. आतली बाजू बाहेर करून मी तिला तापलेल्या खडकावर पसरते, पायाकडचे टोक उन्हाकडे करून.