सोळा विधानं आणि सात फेऱ्या

सही मिळून दोन महिने झाले, तरी त्या ऑफिसचा जिना आठवला की डोकं तापतं.

एम.एड.च्या प्रबंधासाठी मला एकच गोष्ट मोजायची होती: मराठी शाळांतले शिक्षक आपल्याच शिकवण्याचा मागे वळून कितपत विचार करतात. डेव्हिड केंबर आणि सहकाऱ्यांची 2000 साली प्रसिद्ध झालेली प्रश्नावली घेतली. सोळा विधानं, चार गट: सवयीची कृती, आकलन, चिंतन, चिकित्सक चिंतन. भाषांतर झालं, मैत्रिणीकडून ते उलट इंग्रजीत करून ताडून घेतलं, गाईड मॅडमनी मान्य केलं.

अडलं ते शाळांमध्ये जायच्या परवानगीपाशी, शिक्षण खात्याच्या ऑफिसात. पहिल्या फेरीला ‘साहेबरु इल्ला री’, साहेब नाहीत. पुढच्या दोन्ही वेळा ‘नाळे बर्री’, उद्या या. अर्धी रजा टाकून खानापूरहून बसनं बेळगावला यायचं आणि हे ऐकून परत जायचं. चौथ्या फेरीला सांगितलं, प्रश्नावली कन्नडमध्येही हवी. शिक्षक मराठी, शाळा मराठी, पण हवी. रात्र जागून केली.

पाचव्या फेरीला चौथ्या गटाच्या नावाखाली लाल रेघ. मी कन्नडमध्ये ‘टीकात्मक’ लिहिलं होतं. “मास्तरांना खात्यावर टीका करायला लावता काय?” मी उभ्या उभ्या समजावलं. गृहपाठ न करणारं मूल आळशी, असं वर्षानुवर्षं मानणाऱ्या बाईंना एक दिवस कळतं की त्याची आई पहाटेच निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत जाते आणि धाकट्याला तोच सांभाळतो. मग बाईंची समजूतच बदलते. हा गट तेवढंच विचारतो. खात्याचा त्यात संबंध नाही. ऐकून घेतलं, कागद परत दिले. सहाव्या फेरीला पुन्हा तेच.

शेजारच्या कन्नड शाळेतल्या बाईंनी शब्द सुचवला: ‘विमर्शात्मक’, म्हणजे चिकित्सक. सातव्या फेरीला सही झाली. एका शब्दापायी तीन आठवडे गेले! तेव्हा कन्नड प्रत आधीच करा आणि ती कन्नड शिकवणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या.

शिक्षकांचं नाव विचारू नका. चाचणीच्या वेळी मी नावाचा रकाना ठेवला होता, तर सवयीच्या गटात जवळजवळ सगळ्यांनी ‘असहमत’ला खूण केली. विचार न करता काम करतो, हे नावानिशी कोण लिहील? रकाना काढल्यावर उत्तरं मोकळी आली. येळ्ळूरच्या एका गुरुजींनी तर समासात लिहिलं, “पाढे असेच घेतो, बावीस वर्षं.” त्या एका ओळीनं माझा सगळा शीण गेला.

सोळाची बेरीज करून एकच गुण काढू नका. चारही गट वेगळे ठेवा, क्रोनबाख अल्फाही (गटातली विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) गटागटाचा काढा. आणि हो, मूळ प्रश्नावली विद्यार्थ्यांसाठी आहे. ‘हा अभ्यासक्रम’ असेल तिथे ‘माझं शिकवणं’ करावं लागतं, आणि हा बदल प्रबंधात नोंदवावा लागतो.

अर्ज देताना इनवर्ड नंबर, म्हणजे आवक रजिस्टरातला क्रमांक, मागून घ्या. मी तो तिसऱ्या फेरीला मागितला, तोवर माझा पहिला अर्ज कुठल्याच रजिस्टरात नव्हता.