तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग: पंचमाजवळचं हमिंग अखेर गेलं

माझ्या तंबोऱ्याच्या रेकॉर्डिंगमध्ये हमिंग, म्हणजे विजेची सततची घूं घूं, येत होतं आणि मागची नोंद तिथेच थांबली होती. ते आता पूर्ण गेलं आहे. कसं गेलं ते जरा सविस्तर लिहितो, कारण सांगली-मिरजेत घरच्या घरी तंबोरा रेकॉर्ड करणारे आपण बरेच जण आहोत आणि जुन्या घरांमधलं वायरिंग थोड्याफार फरकाने सारखंच असतं.

वाद्य मिरजेचंच, पुरुषी तंबोरा, काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) लावलेला. एक कंडेन्सर माइक, दोन चॅनेलचा यूएसबी इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी), विंडोजचा लॅपटॉप आणि रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. तक्रार अशी होती की हेडफोनमध्ये पंचमाच्या तारेला एक डोल यायचा, सेकंदाला साधारण चार वेळा. पंचम (प) षड्जाशी (सा) चोख जुळवला तरी तो जायचा नाही. हेडफोन काढून भोपळ्याजवळ कान नेला की मात्र तार स्वच्छ! म्हणजे दोष वाद्यात नाही, जवारीतही, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीच्या झंकार देणाऱ्या घडणीतही, नाही.

आकडे मांडल्यावर उलगडा झाला. काळी एकचा षड्ज सुमारे 139 हर्ट्झ, खरज (सर्वात खालचा सा) 69 आणि मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम 104. आपली वीज 50 हर्ट्झची, आणि हमिंगमध्ये 50 बरोबर 100 आणि 150 सुद्धा असतात. 104 शेजारी 100 वाजत राहिला की दोघांतल्या फरकाइतके, म्हणजे सेकंदाला चार हेलकावे येणारच. गाण्याच्या रेकॉर्डिंगमध्ये एवढं हमिंग कदाचित खपून गेलं असतं. तंबोऱ्यात ते लपत नाही.

सॉफ्टवेअरने ते काढायचं नाही, हे मी तिथेच ठरवलं. 100 हर्ट्झवर कात्री लावली तर पंचमाचा मूळ स्वरही पातळ होतो. गळ्याच्या आवाजासाठी सर्रास लावतात तो 80 हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचं कापणारा फिल्टर) लावला तर खरजाचा पायाच जातो. नॉइज रिडक्शन तर तंबोऱ्याला घातकच: अखंड चालणारा आवाज म्हणजे गोंगाट अशी त्याची समजूत, आणि तंबोरा अखंडच असतो. हमिंगबरोबर जवारीची झळाळीही निघून जाते, उरतो तो कोरडा टणत्कार. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते ज्या नादासाठी, तोच पुसून टाकायचा असेल तर रेकॉर्डिंग कशाला करायचं?

म्हणून एकेक गोष्ट काढून पाहिली. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला: हमिंग बरंच उतरलं. चार्जर परत लावून इंटरफेसच्या धातूच्या अंगाला बोट लावलं: तेव्हाही उतरलं. ही दुसरी खूण फार महत्त्वाची आहे. धातूच्या अंगाला आपला हात लागल्यावर हमिंग कमी होत असेल तर अर्थिंगवर आधी संशय घ्यावा. लॅपटॉपवरून हात फिरवताना बारीक झिणझिण्या येत असतील तर तोही त्याच घरचा पाहुणा.

ओळखीच्या वायरमनला बोलावलं. त्यांनी मीटर लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 च्या आसपास, ठीक. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच दिसायला हवेत, तिथे काटा भलतीकडेच फिरत होता. बोर्ड उघडला आणि म्हणाले, "वायर हाय दादा, पर जोडलेलीच न्हाई." थ्री-पिन सॉकेटचं तिसरं भोक निव्वळ शोभेचं होतं. त्यांनी विजेच्या मीटरजवळच्या अर्थ पिटपासून (जमिनीतल्या अर्थिंगच्या खड्ड्यापासून) नवी हिरवी वायर ओढली आणि उन्हाळ्यात पिटमध्ये अधूनमधून पाणी ओतायला सांगितलं, कारण माती कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं. हे काम जाणकार माणसाकडूनच करून घ्या. आणि हमिंग जातं म्हणून प्लगची अर्थ पिन कापण्याचा सल्ला कोणी दिला तर कृपा करून ऐकू नका. आवाज गेला तरी जिवाला धोका राहतो.

एवढं झाल्यावर हेडफोनमध्ये शांतता आली, पण स्पीकर जोडले की बारीक घुमणं उरायचं. हा ग्राउंड लूप, म्हणजे उपकरणं दोन वेगळ्या वाटांनी अर्थला जोडली गेल्याने येणारं हमिंग. स्पीकर समोरच्या भिंतीवरच्या सॉकेटवर होते आणि लॅपटॉप टेबलाजवळच्या. दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणले, साध्या केबलऐवजी बॅलन्स्ड टीआरएस केबल (वाटेत शिरलेलं हमिंग रद्द करणारी) लावली आणि तेही मिटलं.

संगणकाच्या बाजूचे दोन मुद्दे. लॅपटॉपच्या साउंड सेटिंगमध्ये माइकला ऑडिओ एन्हान्समेंट चालू असेल तर बंद करा. व्हिडिओ कॉलसाठी असलेलं नॉइज सप्रेशन तंबोरा सुरू झाल्यावर काही सेकंदांत त्याला दाबायला लागतं, आणि माणूस उगाच केबल बदलत बसतो. दुसरं, सँपल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा) सगळीकडे एकच ठेवा. 44,100 वर घेतलेला आवाज 48,000 चा समजून वाजवला गेला तर तो जवळजवळ दीड अर्धस्वर चढतो. काळी एकचा तंबोरा पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये कुठेतरी जाऊन बसतो, आणि त्यावर रियाज करणाऱ्या गायकाला वाटतं आपलाच गळा आज लागत नाही.

मधूनमधून येणारी टिकटिक बफर (संगणक एका वेळी जेवढे नमुने साठवून पुढे पाठवतो तो आकडा) 128 वरून 512 केल्यावर थांबली. 48,000 ला 512 म्हणजे सुमारे 11 मिलिसेकंदांचा उशीर. वाजवताना डायरेक्ट मॉनिटरवरून (संगणकात न जाता थेट इंटरफेसमधून) ऐकत असल्यामुळे मला तो जाणवतही नाही. रेकॉर्डिंगच्या वेळी वायफायही बंद ठेवतो.

सध्या 24 बिट, 48,000, सर्वात मोठा झंकार उणे 12 डेसिबलच्या आत. माइक घोडीपासून दीडेक फूट, थोडा भोपळ्याकडे कललेला. घोडीच्या नेमका समोर ठेवला की जवारी टोचते, फार खाली नेला की खरज फुगतो. पुढच्या नोंदीत दोन माइक लावून पाहणार आहे, एक घोडीवर आणि एक दांडीच्या वरच्या बाजूला. ज्यांनी हे केलं आहे त्यांनी दोन माइकमधलं अंतर किती ठेवलं आणि मोनोमध्ये ऐकताना पंचम पातळ झाला का, हे जरूर कळवा.