सासूबाई, पसरणी घाट आणि गाडीखालचा दांडा

वाई सुटली की आमच्या सासूबाई पर्समधून आलेपाकाची वडी काढतात. पाचगणी त्यांचं माहेर. पसरणी घाट जेमतेम १२-१३ किलोमीटरचा, पण तिसऱ्या वळणाला त्यांचं बोलणं थांबतं आणि पाचव्याला काच खाली होते. "हळू चालव गं." अहो आई, चाळीसच्या वर काटा नाही! पण आमची सिव्हिक वळणावर अशी कलायची की मागे बसलेलं माणूस एकदा दाराला चिकटायचं, एकदा शेजारच्याला.

गाडी मुळात भावाची. होंडा सिव्हिक, १.८ पेट्रोल, २०१० ची. तो अमेरिकेला गेला आणि "ताई, विकू नकोस, तूच वापर" म्हणून चावी माझ्या हातात ठेवून गेला. बुटकी गाडी. साताऱ्यातल्या स्पीडब्रेकरवर तिचं पोट घासलं की माझ्याच पोटात गोळा येतो. पण हिची मागची चाकं स्वतंत्र आहेत, बहुतेक छोट्या गाड्यांसारखी एका आडव्या बीमवर बसवलेली नाहीत. म्हणून मागे वेगळा स्टॅबिलायझर बार (वळणावर गाडी कमी कलावी म्हणून दोन बाजूंच्या चाकांना जोडणारा दांडा) आहे, त्याला दोन बाजूंना दोन लिंक रॉड आहेत आणि म्हणूनच हा पुढचा सगळा उपद्व्याप जमला.

सुरुवात आवाजानं झाली. बारीक खड्ड्यांतून गाडी गेली की मागून खट-खट, खट-खट. एका गॅरेजमध्ये सांगितलं, शॉकअप गेले. बदलले. पैसे गेले, आवाज तिथेच. मग एमआयडीसीजवळच्या एका मिस्त्रींकडे गेले. त्यांनी गाडीखाली सरकून लिंक रॉड नुसता हातानं हलवला. खट-खट. "मॅडम, शॉकअपचा काय दोष? ह्याचा बॉल ढिला झालाय."

लिंक रॉड म्हणजे वीतभर लांबीचा, दोन टोकांना बॉल जॉइंट असलेला तुकडा. चाकाची वरखाली हालचाल तो बारपर्यंत पोचवतो. त्यात खेळ आला की सुरुवातीच्या कलण्याला बार काहीच करत नाही. आधी तो खेळ भरून निघतो, मग बार पिळायला लागतो. आवाजाचं आणि सासूबाईंच्या मळमळीचं मूळ थोडंफार एकच निघालं.

भावाला फोन केला तर तो म्हणाला, लिंक खोलणारच आहेस तर मागचा बारही जाड टाक, मी दिवाळीला येताना आणतो. आणि खरंच आणला. लांबट खोक्यात, बनियनमध्ये गुंडाळून. विमानतळावर दोनदा उघडून दाखवावा लागला म्हणे. "बहिणीच्या गाडीचा आहे" हे उत्तर तिथे कुणाला पटलं नाही.

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. त्यामुळे हा दांडा हातात आल्यावर दोन दिवस माझ्या टेबलावरच पडून होता. इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवलेला स्प्रिंग स्टीलचा गज, बस्स. दोन्ही चाकं एकदम वर गेली (रस्ताभर पसरलेला स्पीडब्रेकर) तर तो आपल्या बुशमध्ये (त्याला धरून ठेवणाऱ्या रबरासारख्या कड्यांमध्ये) नुसता फिरतो, काही करत नाही. एकच चाक वर गेलं, किंवा वळणावर गाडी एका बाजूला बसली, तर मधला भाग पिळला जातो आणि तो पीळ उलटवायला बघतो. पट्टी पिळून बघा, तोच प्रकार. गंमत जाडीची आहे. पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. समजा १६ मिलिमीटरचा गज काढून २० चा घातला. डोळ्यांना फरक चारच मिलिमीटरचा, पण ताठपणा जवळजवळ अडीच पट. पोकळ बारही मिळतात आणि लोक त्यांना उगाच नावं ठेवतात. आतलं भोक बाहेरच्या व्यासाच्या निम्मं असेल तर वजन पाव भागानं उतरतं आणि ताठपणा फक्त सोळाव्या भागानं. गजाचा गाभा पिळात फारसं काही करतच नाही. वर्गात हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरची मुलं यंदा पहिल्यांदाच जागी दिसली.

पुढचा बार बदलायचा नाही हे मी आधीच ठरवलं होतं. एक तर त्याला सबफ्रेम, म्हणजे इंजिनाखालची चौकट, खाली घ्यावी लागते. दुसरं म्हणजे फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाडीत पुढच्या टायरांवर आधीच ओढण्याचं आणि वळण्याचं असं दुहेरी ओझं. जोरात वळलं की नाक बाहेरच्या बाजूला पळतं. पुढचा बार जाड केला तर ते आणखी वाढेल. मागचा केला तर उलट: वळणावर इकडून तिकडे जाणाऱ्या वजनातला जास्त वाटा मागचे टायर उचलतात आणि पुढच्यांना थोडी सवड मिळते. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. गाडी कमी कलते म्हणून तिची पकड वाढली असं अजिबात नाही. बाहेरच्या चाकांवर एकूण वजन तेवढंच जातं, बार फक्त वाटणी बदलतो. आणि मागच्या टायरांची पकड थोडी खर्ची पडते.

काम रविवारी झालं. नवे लिंक रॉड नाना पेठेतून आणले होते. मिस्त्रींनी सवयीनं एकच चाक जॅकवर घेतलं. मी म्हटलं, दोन्ही घ्या. "कशाला मॅडम, एकेक करू." एक चाक लोंबतंय, दुसरं जमिनीवर, म्हणजे बार आधीच पिळलेला, लिंकचा बोल्ट भोकासमोर येणारच नाही. तो आला नाहीच. मिस्त्रींनी पहार उचलली, माझ्याकडे बघितलं, परत ठेवली आणि दुसऱ्या बाजूला जॅक लावला. दोन्ही चाकं सारखी लोंबायला लागल्यावर बोल्ट बोटानं सरकला. त्यावर ते काही बोलले नाहीत. चहा मात्र त्यांनी मागवला.

जुन्या लिंकचे नट गंजानं धरलेले. तेल मारून अर्धा तास थांबलो, तरी पाना फिरवला की नटाबरोबर आतला बॉलच गरगर फिरायचा. तो धरायला बोल्टच्या टोकाला ॲलन कीची षटकोनी खाच असते, पण गंजानं ती पार गोल झालेली. पोऱ्यानं ग्राइंडर आणला. मी ओरडलेच. ह्या गाडीची पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली आहे, ठिणग्या कुठे उडणार होत्या? शेवटी हॅक्सॉनं कापला. चाळीस मिनिटं गेली त्या एका नटात. उरलेलं सगळं काम तासात.

बुश पॉलियुरेथेनचे होते, लालभडक. त्यांना सोबत आलेलं सिलिकॉन ग्रीस लावायचं, मिस्त्रींच्या डब्यातलं नाही. कोरडे राहिले की जुन्या दाराच्या बिजागरीसारखे कुरकुरतात. बारला प्रत्येक टोकाला दोन भोकं होती. लिंक आतल्या भोकात घातला तर भुजा आखूड होते आणि बार आणखी ताठ लागतो. भावाचा आग्रह आतल्या भोकाचा. त्याचं काय जातंय, त्याला कासच्या रस्त्यावर जुलैच्या धुक्यात यवतेश्वर उतरायचा नाहीये. ओल्या वळणावर घाबरून एकदम ॲक्सिलेटर सोडला आणि शेपूट घसरली तर? मी बाहेरचं भोक घेतलं, दोन्हीकडे सारखं.

कायद्याचंही सांगून टाकते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल गाडीतल्या बदलांबाबत कडक आहे. जुना बार मी माळ्यावर जपून ठेवलाय, परत बसवायची वेळ आलीच तर.

पुढच्याच आठवड्यात पसरणी घाट. फरक पहिल्याच वळणाला कळला. स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी वळली. आधी कलू, मग वळू, हा तिचा जुना विचार संपला होता. आरशात बघितलं तर सासूबाई चक्क बोलत होत्या. आलेपाक मात्र त्यांनी खाल्लाच, सवय म्हणून.

मग पाचगणीच्या बाजारातला रस्ता आला. डावीकडे गटाराचं खोदकाम, एक चाक खड्ड्यात, दुसरं डांबरावर. आता दोन्ही चाकं एकमेकांना जास्त घट्ट बांधलेली. डावीकडचा धक्का उजवीकडे पोचतो आणि डोकं ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर.

"आता पोटात ढवळत नाही गं," सासूबाई उतरताना म्हणाल्या, "पण मान मोडती."

शंभर किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा तपासायला गेले तेव्हा मिस्त्रींना हे सांगितलं. ते म्हणाले, "मग आजींना पुढच्या सीटवर बसवा की." चार वर्षांत हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. आता त्या पुढे बसतात आणि हे मागे, वरचा दांडा धरून.