समुद्र हा त्यांचा पहिला पर्याय नव्हता

जर्मनीत राहायला आल्यापासून सीरियाच्या निर्वासितांविषयी मला घरून जितके प्रश्न विचारले जातात, तितके इथल्या दुसऱ्या कोणत्याच गोष्टीविषयी विचारले जात नाहीत. इतके हलाखीत असतील तर त्यांच्या हातात मोबाइल कुठून येतो, शेजारचे देश सोडून ते थेट युरोपातच का येतात, पोटच्या पोरांना घेऊन कोणी रबरी होडीत बसते का? विचारणारी माणसे निर्दय नाहीत. त्यांनी टीव्हीवर नारिंगी जॅकेटांनी खच्चून भरलेली होडी पाहिलेली असते, पण त्या होडीत बसण्यापूर्वी ही माणसे कोण होती, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. शासनातर्फे चालणाऱ्या जर्मन भाषेच्या वर्गात माझ्या आजूबाजूला बसणाऱ्यांकडून जे ऐकले आणि पुढे वाचून व प्रत्यक्ष जाऊन जे समजून घेतले, ते इथे मांडते आहे.

आमच्या वर्गात होम्स शहरातील एक औषधविक्रेते होते, अलेप्पोचे एक सुतार होते आणि दमास्कसच्या उपनगरातला, स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण अर्धवट सुटलेला एक तरुण होता. हा काही योगायोग नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेने एप्रिल ते सप्टेंबर 2015 या काळात ग्रीसमध्ये उतरलेल्या 1,245 सीरियन लोकांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा त्यांतील 86 टक्के लोकांचे शिक्षण माध्यमिक किंवा विद्यापीठ स्तरापर्यंत झालेले आढळले. व्यवसायांत सर्वाधिक संख्या विद्यार्थ्यांची होती. त्याखालोखाल व्यापारी, सुतार, वायरमन, प्लंबर असे लोक होते. थोडक्यात, महिन्याचा हिशेब लिहिणारा, मुलांच्या परीक्षेची काळजी करणारा, आपल्याकडच्या कोणत्याही तालुक्याच्या गावी भेटेल असा हा मध्यमवर्ग होता. मोबाइल त्यांच्याकडे युद्धाच्या आधीपासूनच होता.

घर सोडण्याचा निर्णय यांच्यापैकी कोणीही एका रात्रीत घेतलेला नाही. मार्च 2011 मध्ये सीरियातल्या दरा शहरात बशर अल-असद यांच्या सरकारविरुद्ध निदर्शने सुरू झाली, तेव्हा हे सगळे काही महिन्यांत निवळेल असे बहुतेकांना वाटत होते. होम्सच्या औषधविक्रेत्यांचे दुकान जुन्या शहरात होते. तिथे सरकारी लष्कराचा वेढा पडला तेव्हा ते दमास्कसला नातलगांकडे गेले, तिथून गावाबाहेर भाड्याच्या खोलीत आणि अखेरीस बायको-मुलींसह लेबनॉनमधील त्रिपोलीला. अलेप्पो 2012 च्या जुलैत सरकार आणि बंडखोर यांच्यात दोन भागांत विभागले गेले आणि सुतारांचा कारखाना राहिला बंडखोरांकडच्या पूर्व भागात, जिथे पुढे सरकारी हेलिकॉप्टरमधून स्फोटकांनी भरलेली पिंपे टाकली जाऊ लागली. ते सीमा ओलांडून तुर्कस्तानातल्या गाझियान्तेपला गेले आणि फर्निचरच्या एका कारखान्यात राबू लागले; पण सीरियन निर्वासितांना तिथे कामाचा परवाना मिळण्याची सोय जानेवारी 2016 मध्ये झाली, त्यामुळे तोवर मालक देईल तो पगार निमूटपणे घ्यावा लागे. विद्यार्थ्याची गोष्ट वेगळी होती. शिक्षण चालू असेपर्यंत लष्करातील सक्तीच्या भरतीतून सवलत मिळत असे. लढाईमुळे विद्यापीठात जाणे थांबले, ती सवलत संपत आली आणि आपल्याच गल्लीतल्या लोकांवर बंदूक रोखायची की देश सोडायचा, एवढेच त्याच्यापुढे उरले.

म्हणजे ही माणसे शेजारच्या देशांतच आधी गेली होती आणि बहुसंख्य तिथेच राहिली. जुलै 2015 मध्ये देशाबाहेरच्या नोंदणीकृत सीरियन निर्वासितांची संख्या 40 लाखांवर गेली होती आणि त्यांतील बहुतेक तुर्कस्तान, लेबनॉन, जॉर्डन, इराक व इजिप्त या देशांत होते. एकट्या चिमुकल्या लेबनॉनने 11 लाखांहून अधिक लोकांना जागा दिली होती. पण त्याच वर्षी जानेवारीत लेबनॉनने सीरियन लोकांवर व्हिसासारखी बंधने घातली आणि निधी आटल्यामुळे जागतिक अन्न कार्यक्रमाने तिथली मदत माणशी महिना 13.50 डॉलरवर आणली. शिल्लक संपत चाललेल्या, मुलांची शाळा दोन-तीन वर्षे बुडालेल्या बापाने तो आकडा ऐकून काय ठरवले असेल, हे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

आता मूळ प्रश्न, समुद्रच का? युरोपात आश्रय मागायचा असेल तर आधी युरोपच्या भूमीवर पाऊल ठेवावे लागते. आणि आश्रय मागण्यासाठी येतो असे सांगणाऱ्याला व्हिसा मिळत नाही. दमास्कसमधला जर्मन दूतावास 2012 पासून बंद होता. विमान कंपन्यांनी योग्य कागदपत्रांविना प्रवासी आणला तर त्याला परत नेण्याचा भार कंपनीवर पडतो आणि दंडही होतो, म्हणून तो विमानतळावरच अडवला जातो. तुर्कस्तान-ग्रीस यांच्यातील बहुतांश सीमा एव्रोस नदीतून जाते. जिथे नदी आड येत नाही अशा सुमारे साडेबारा किलोमीटरच्या पट्ट्यावर ग्रीसने 2012 मध्ये कुंपण उभारले. जमिनीचा रस्ता असा बंद झाला, आकाशाचा आधीच बंद होता. राहिला तो समुद्र.

तुर्कस्तानच्या आयवालिक बंदरातून ग्रीसच्या लेस्बोस बेटावरच्या मितिलिनीला रोजच्यासारखी प्रवासी बोट जाते. पुढे एका उन्हाळ्यात मी त्या बोटीने गेले. माझ्याजवळ भारतीय पासपोर्ट आणि जर्मनीचा निवास परवाना होता. खिडकीतल्या अधिकाऱ्याने दोन्हींवर नजर टाकली, शिक्का मारला आणि दीड तासात मी पलीकडच्या धक्क्यावर उतरले. तिकिटाला चांगल्या हॉटेलातल्या जेवणाइतकेच पैसे पडले. माझ्या वर्गातल्या सुतारांनी हेच पाणी ओलांडायला बाराशे डॉलर मोजले होते, तेही अंधारात, आणि जिवावर उदार होऊन. त्या बोटीच्या डेकवर उभी असताना मला कागदाच्या एका तुकड्याची जेवढी लाज वाटली, तेवढी पूर्वी कधी वाटली नव्हती.

पैसे मोजण्याची पद्धतही समजून घेण्यासारखी आहे. तुर्कस्तानातल्या इझमीर शहरातल्या बासमाने स्थानकाच्या परिसरात 2015 साली कपड्यांच्या आणि चपलांच्या दुकानांबाहेर जीवरक्षक जॅकेटे टांगलेली असत. माणशी ठरलेली रक्कम थेट दलालाच्या हातात न देता एखाद्या मध्यस्थाच्या कार्यालयात ठेवली जाई आणि प्रवाशाला एक सांकेतिक क्रमांक मिळे. सुखरूप पोहोचल्यावर त्याने फोन करून तो क्रमांक कळवला की दलालाला पैसे सुटत. हा व्यवहार वरवर विश्वासाचा वाटतो खरा, पण त्यात जिवाची हमी कुठेच नव्हती. जानेवारी 2016 मध्ये इझमीरमधल्या एका कारखान्यावर तुर्की पोलिसांनी छापा घातला, तेव्हा बाराशेहून अधिक बनावट जॅकेटे सापडली. त्यांत तरंगणाऱ्या फोमऐवजी पॅकिंगचा माल भरलेला होता, म्हणजे पाण्यात पडणाऱ्याला ती वर धरण्याऐवजी खाली ओढणार होती.

औषधविक्रेते त्रिपोलीहून रीतसर जहाजाने तुर्कस्तानात आले होते. तेव्हा सीरियन लोकांना त्यासाठी व्हिसा लागत नसे. बायको आणि मुलींना त्यांनी त्रिपोलीतच ठेवले होते. एका रात्री बंद टेम्पोतून औषधविक्रेत्यांना इतर प्रवाशांबरोबर किनाऱ्यालगतच्या ऑलिव्हच्या बागेत आणून सोडले आणि पहाटेपर्यंत आवाज न करता बसून राहायला सांगितले. मुले रडली तर गस्तीवाल्यांना सुगावा लागेल म्हणून दलालाचा माणूस आयांना झोपेचे औषध वाटत होता. हे औषधवाले आहेत असे कळताच अंधारात एकेक आई त्यांच्याजवळ येऊन बाटली दाखवू लागली, बाळाचे वय सांगू लागली आणि किती द्यायचे ते विचारू लागली. मोबाइलच्या उजेडात ते बाटलीवरचे तुर्की अक्षर वाचण्याचा प्रयत्न करत होते. त्यांनी सर्वांना एकच सांगितले की हे देऊ नका, छातीशी धरून ठेवा, होडी उलटली तर मूल जागे असायला हवे. संपूर्ण प्रवासात आपण आपला व्यवसाय केला तो एवढाच, असे ते म्हणाले.

होडी साधारण नऊ मीटरची, हवा भरलेली, आणि तिच्यात चाळीस ते पन्नास माणसे. दलाल होडीत कधीच बसत नाही. प्रवाशांपैकीच एखाद्याला इंजिन कसे चालवायचे ते किनाऱ्यावर दोन मिनिटांत दाखवले जाते, समोरचे दिवे दाखवले जातात आणि तिकडे जा असे सांगितले जाते. पकडले गेल्यावर मानवी तस्करीचा आरोप याच माणसावर येऊ शकतो. आमच्या वर्गातल्या विद्यार्थ्याच्या होडीत ते काम त्याच्याकडे आले. लेस्बोसचा उत्तर किनारा तिथून दहा किलोमीटरच्या आसपास, म्हणजे गेटवेहून एलिफंटाला जायला लागते तेवढेच अंतर. वाऱ्याच्या दिवशी त्याला तीन तासांहून अधिक वेळ लागला. फोन फुग्यात घालून गाठ मारून ठेवलेले होते. इंजिन बंद पडले तर ठावठिकाणा पाठवायला तेवढेच साधन होते, असे तो सांगे. मोबाइलचा प्रश्न विचारणाऱ्यांना मी ही गोष्ट आवर्जून सांगते.

अशाच एका होडीचे इंजिन ऑगस्ट 2015 मध्ये बंद पडले, तेव्हा सारा आणि युस्रा मार्दिनी या दमास्कसच्या जलतरणपटू बहिणी पाण्यात उतरल्या आणि होडीला दिशा देत राहिल्या. युस्रा पुढच्याच वर्षी रिओ ऑलिंपिकमध्ये निर्वासितांच्या संघातून पोहली. पण सर्वांच्या होडीत पट्टीचे पोहणारे नव्हते. 2 सप्टेंबर 2015 रोजी तुर्कस्तानातल्या बोद्रुमहून ग्रीसच्या कोस बेटाकडे निघालेली होडी उलटली आणि सीरियातल्या कोबानीहून आलेल्या कुटुंबातल्या आलान कुर्दी या चिमुकल्याचा देह किनाऱ्याला लागला. त्याची आई आणि भाऊही त्याच रात्री बुडाले. त्या वर्षी भूमध्य समुद्रात साडेतीन हजारांहून अधिक माणसे बुडाली किंवा बेपत्ता झाली.

2015 या एका वर्षात दहा लाखांहून अधिक लोक समुद्रमार्गे युरोपात आले. त्यांतील साडेआठ लाख ग्रीसच्या बेटांवर उतरले आणि जवळजवळ पाच लाख एकट्या लेस्बोसवर, जिथली स्वतःची लोकसंख्या एक लाखाच्याही आत आहे. सुरुवातीला कागदपत्रे नसलेल्यांना गाडीत घेणे हाच गुन्हा ठरत होता, त्यामुळे बेटाच्या उत्तर टोकाच्या मोलिवोसहून मितिलिनीपर्यंतचे साठेक किलोमीटर अंतर लेकुरवाळ्या बायकाही चालत गेल्या. तरीही स्काला सिकामिनियास या मासेमारीच्या गावातल्या लोकांनी त्यांना ओले कपडे बदलायला दिले, गरम दूध दिले. तिथल्या कित्येकांचे आईवडील किंवा आजीआजोबा 1922 साली, ग्रीस-तुर्कस्तान युद्धाच्या वेळी, याच समोरच्या किनाऱ्यावरून, आजच्या इझमीरच्या परिसरातून, जीव वाचवून होडीने आले होते. कराचीहून जहाजाने मुंबईला उतरून कल्याणच्या लष्करी छावण्यांत आलेल्या आणि उल्हासनगर वसवणाऱ्या सिंधी कुटुंबांची आठवण ज्यांच्या घरात आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागू नये.

जर्मनीकडचा पुढचा रस्ता अथेन्सजवळचे पिरेयस बंदर, ग्रीसच्या सीमेवरचे इदोमेनी गाव, मॅसिडोनिया, सर्बिया असा होता. तिघेही सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तो ओलांडू शकले. मार्च 2016 मध्ये तो बंद झाला आणि युरोपीय संघाचा तुर्कस्तानशी करार झाल्यावर मागाहून येणारे बेटांवरच अडकून पडले.

आज जर्मन रुग्णालयांत पाच हजारांहून अधिक सीरियन डॉक्टर काम करतात. आमचे सुतार आता खिडक्या-दारे बसवणाऱ्या एका कारखान्यात आहेत, विद्यार्थ्याला पदवी नव्याने पहिल्यापासून करावी लागली. औषधविक्रेत्यांना पदवीची मान्यता मिळवायला अनेक वर्षे लागली, पण निर्वासित म्हणून त्यांचा दर्जा लवकर मान्य झाला आणि कायद्याने त्यांना कुटुंब आणण्याची परवानगी मिळाली. त्यांच्या पत्नीला आणि दोन्ही मुलींना बैरूतच्या जर्मन दूतावासातून व्हिसा मिळाला. त्या बैरूतहून नेहमीच्या प्रवासी विमानाने निघाल्या आणि सुमारे चार तासांत फ्रँकफर्टला उतरल्या.