जुने व्हिव्हेरियम, आणि ते रिकामे ठेवलेले ४२ दिवस

गेल्या जानेवारीत आम्ही इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये मुलीच्या सापासाठी एक जुने लाकडी व्हिव्हेरियम, म्हणजे साप ठेवायची सरकत्या काचांची पेटी, ४० पौंडांना विकत घेतले. त्यात साप ठेवायला मात्र मार्च उजाडला आणि मधल्या दिवसांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. विकणाऱ्याने एकच गोष्ट खरी सांगितली असती, तर आमचा दीड महिना वाचला असता.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. धामण असो वा नाग, आपल्याकडचे साप घरात पाळणे १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानुसार गुन्हा आहे. माझे माहेर बत्तीस शिराळ्याजवळचे असल्यामुळे या कायद्याने नागपंचमीच्या जिवंत नागांवर आलेली बंधने मी जवळून पाहिली आहेत आणि ती मला मान्य आहेत. इंग्लंडमध्ये कॉर्न स्नेक हा मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला बिनविषारी साप परवान्याशिवाय पाळता येतो. मात्र २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यानुसार १६ वर्षांखालील मुलांना प्राणी विकता येत नाही. मुलगी १४ वर्षांची असल्यामुळे खरेदीही माझ्या नावावर झाली आणि सापाच्या देखभालीची कायदेशीर जबाबदारीही माझ्यावरच आली. हा साप १५ ते २० वर्षे जगतो, त्यामुळे ही जबाबदारी लहान नाही.

पेटी ४ फूट लांब, २ फूट खोल आणि २ फूट उंच होती. पूर्ण वाढलेला कॉर्न स्नेक साधारण ४ ते ५ फुटांचा होतो, म्हणून ३ फुटी पेटी स्वस्तात मिळत असूनही मी ती घेतली नाही. नव्या पेटीला तिप्पट पैसे पडले असते. विकणाऱ्याच्या गॅरेजमध्ये मी पेटीचे कोपरे पाहिले, चिपबोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) कुठे फुगला आहे का ते बोटाने दाबून पाहिले आणि आधीच्या सापाचे काय झाले, असे विचारले. तो एका मित्राला दिला, असे त्याने सांगितले. तो साप खात होता का, उलट्या करत होता का, त्याच्या अंगावर कधी किडे झाले होते का, हे मी विचारायला हवे होते आणि उत्तर देताना त्याच्या चेहऱ्याकडे पाहायला हवे होते. पेटी गाडीत नेताना सरकत्या काचा आधी काढून घ्याव्यात. आम्ही त्या माझ्या आईने शिवलेल्या गोधडीत गुंडाळून आणल्या.

घरी आल्यावर पेटी साबणाच्या पाण्याने धुतली, जंतुनाशकाने पुसली आणि तळाशी किचन पेपर अंथरून पाण्याचे भांडे ठेवले. सगळे सुरळीत चालले होते. ब्रीडरकडे, म्हणजे सापांची पैदास करून विकणाऱ्याकडे, एक वर्षाची कॉर्न स्नेक मादी आमच्यासाठी राखून ठेवलेली होती आणि शनिवारी ती आणायची, असे ठरले होते. शुक्रवारी संध्याकाळी, म्हणजे पेटी आणल्याच्या नवव्या दिवशी, मुलगी पेटीपुढे बसली होती. ती म्हणाली, "आई, हा ठिपका हलतोय."

तो टाचणीच्या डोक्यापेक्षाही लहान, काळा, चकचकीत ठिपका होता आणि पांढऱ्या कागदावरून संथपणे, काच जिच्यात सरकते त्या पन्हळीकडे चालला होता. भांड्यातल्या पाण्यात तसेच आणखी दोन बुडालेले सापडले. हे सापाचे माइट्स होते. गोचिडीच्या नात्यातले हे जीव सापाच्या खवल्यांखाली आणि डोळ्यांच्या कडेला शिरून रक्त पितात. त्यांची संख्या वाढली की साप अशक्त होतो आणि त्याला इतर रोगही लागू शकतात. मी त्याच रात्री विकणाऱ्याला फोटो पाठवला. "हो, मागच्या वर्षी थोडे झाले होते, पण गेले होते," एवढे उत्तर आले आणि त्यानंतर त्याने उत्तर देणेच बंद केले.

प्राण्यांच्या दुकानातल्या मुलाचा सल्ला होता की एकदा कीटकनाशकाचा फवारा मारा आणि दुसऱ्या दिवशी साप ठेवा. तो मी ऐकला नाही, याचे मला आज समाधान वाटते. फवारा अंड्यांपर्यंत पोहोचतोच असे नाही आणि माइट्सची मादी अंडी घालायला काळोख्या, ओलसर फटी शोधत वर चढते. पिल्लांना रक्त मिळाले नाही तरी त्यांतली काही आठवडेच्या आठवडे तग धरतात. तेवढा काळ पेटी बाहेरून स्वच्छ दिसतच राहते आणि साप आत गेला की पुन्हा सगळे सुरू होते. मी ब्रीडरला फोन करून सहा आठवडे मागितले. त्याने आठवड्याला ५ पौंड घेऊन मादी ठेवून घेतली आणि उलट माझ्या निर्णयाचे कौतुक केले.

मग मी पेटी पूर्ण उकलली. फळ्या जोडणाऱ्या कॅम लॉकवर प्लॅस्टिकच्या छोट्या टोप्या असतात. त्यांतली पहिली टोपी स्क्रू-ड्रायव्हरने उचलली आणि आतल्या खळग्यात मिरपुडीच्या कणांसारखे काळे माइट्स आणि त्यांची पांढरी विष्ठा दिसली. एकूण १६ टोप्यांपैकी ११ खाली हेच होते आणि मागची पातळ फळी ज्या खाचेत बसते तिथेही होते. माझ्या साबणाच्या पाण्याचा यांपैकी एकाही जागेशी संबंध आला नव्हता. साधारण ५५ अंशांच्या उष्णतेत हे जीव लगेच मरतात, परंतु वाफेने चिपबोर्डच्या उघड्या कडा फुगतात. म्हणून काचांच्या प्लॅस्टिक पन्हळी मी गरम पाण्यात बुडवल्या आणि खळग्यांत हेअर ड्रायरची गरम हवा सोडली. इन्फ्रारेड थर्मामीटर ६० अंश दाखवीपर्यंत प्रत्येक खळग्यापाशी थांबायचे, असे मी ठरवले होते. हे काम तीन आठवडे दर रविवारी केले. पेटीसोबत आलेली फांदी आणि कॉर्कची साल फेकून दिली, कारण सच्छिद्र लाकडाची खात्री कोणीही देऊ शकत नाही. चिनी मातीचे भांडे मात्र उकळत्या पाण्यातून काढून ठेवले.

जुन्या पेटीबाबत माइट्सपेक्षाही मोठी भीती क्रिप्टोस्पोरिडियमची असते. हा पोटातला परजीवी ब्लीचला दाद देत नाही आणि आधीचा साप खाऊनही खंगत गेला असेल किंवा खाल्लेले ओकत असेल, तर त्याची पेटी फुकट मिळाली तरी घेऊ नये. माइट्स सापडल्यावर पहिल्या रात्री मला झोप लागली नाही ती या विचारानेच. दुसऱ्या दिवशी विकणाऱ्याच्या त्या मित्राचा पत्ता लावला आणि साप ठणठणीत असून पोटभर जेवतो, असे कळले तेव्हा जीव भांड्यात पडला. सफाई करताना ब्लीच आणि अमोनिया मात्र कधीही एकत्र करू नयेत, त्यांतून विषारी वायू निघतो.

उरलेले तीन आठवडे पेटी जोडून, फटी मत्स्यालयाच्या सिलिकॉनने बुजवून आणि आतला हीटर चालू ठेवून नुसती वाट पाहिली. ऊब असली की अंडी लवकर फुटतात आणि उपाशी जीव लवकर संपतात. या चाचणीमुळे आणखी एक दोष उघडकीस आला. पेटीसोबत मिळालेल्या थर्मोस्टॅटची, म्हणजे तापमान ठरावीक ठेवणाऱ्या यंत्राची, चकती ३० वर होती, परंतु उबदार टोकाला दोन वेगवेगळे थर्मामीटर ३६ अंश दाखवत होते. तो बाद करून सिरॅमिक हीटरला चालणारा पल्स पद्धतीचा नवा थर्मोस्टॅट ४५ पौंडांना, म्हणजे पेटीपेक्षाही महाग घेतला. आता उबदार टोक ३० अंशांवर आणि थंड टोक २३ वर राहते. जुना थर्मोस्टॅट कितीही चांगला दिसला तरी त्याच्यावर साप सोपवू नये आणि हीटरला जाळी असल्याशिवाय तो लावू नये, कारण साप त्याला वेटोळे घालतो आणि भाजतो. काचांच्या मधली फटही मोजावी. आमच्या पेटीची पन्हळ झिजली होती आणि दोन काचांच्या मधून पेन्सिल आत जात होती. वर्षभराचा कॉर्न स्नेक तिथे डोके घालून पाहिल्याशिवाय राहत नाही. पारदर्शक पट्टी चिकटवून आणि कुलूप लावून ते भागले.

रोज सकाळी शाळेला जाण्यापूर्वी मुलगी विजेरी घेऊन कागद तपासायची आणि वहीत तारखेपुढे आकडा लिहायची. पहिल्या आठवड्यात ७, मग ३, मग १. विसाव्या दिवसानंतर शून्यच. अठ्ठाविसाव्या दिवशी तिने आता साप आणूया म्हणून हट्ट धरला आणि खरे तर माझाही धीर सुटत आला होता. तरीही आम्ही ४२ पूर्ण केले.

२ मार्चला मादी आली. ती सरळ उबदार टोकाच्या लपणीत शिरली आणि आम्ही पाच दिवस तिला हात लावला नाही. सहाव्या दिवशी फ्रीजरमधला, गरम पाण्यात पूर्ण वितळवून कोमट केलेला उंदीर चिमट्याने पुढे धरला आणि तिने तो पहिल्याच झेपेत घेतला. तळाशी अंथरायच्या अ‍ॅस्पेन लाकडाच्या भुशाची पिशवी अजून फोडलेली नाही. आणखी महिनाभर तळाशी पांढरा कागदच राहणार आहे आणि सकाळची विजेरी चालूच आहे.