संगीताचा तास, आणि एका पोचेसाठी झालेला ताप

शाळेतला संगीताचा तास वाचवायचा असेल तर संस्कार, सर्वांगीण विकास वगैरे भाषणं कुणाला ऐकवू नका. ऐकणारे माना डोलावतात आणि वेळापत्रक आहे तिथंच राहतं. कागद लागतो, आणि तो कागद घेतल्याची पोच लागते. ही पोच मिळवताना जो मनस्ताप झाला तो अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितेय.

आमची शाळा बेळगाव जिल्ह्यातली, सरकारी मराठी उच्च प्राथमिक, पहिली ते सातवी. संगीत शिक्षकाचं मंजूर पद कधीच नव्हतं. गावच्या भजनी मंडळाचे पेटीवाले बुवा आठवड्यातून दोन तास यायचे, मानधन पालकांच्या वर्गणीतून. चार-पाच मुलं गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेला बसायची आणि शिक्षण खात्याच्या प्रतिभा कारंजी स्पर्धेत भक्तिगीत-भावगीताला क्लस्टरमध्ये, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, आमचा नंबर ठरलेला. नवे मुख्याध्यापक आले आणि जूनच्या वेळापत्रकात दोन्ही तास गणिताच्या उजळणीला गेले. माणूस वाईट नाही. "बाहेरच्या माणसाला वर्गात घेतलं आणि काही झालं, तर उत्तर मला द्यावं लागतं. वरून लेखी आणा, उद्यापासून बुवांना पाठवतो," एवढंच त्यांचं म्हणणं.

मी एसडीएमसीत, म्हणजे शाळेच्या विकास आणि देखरेख समितीत आहे. बैठक, ठराव, सह्या हे एका संध्याकाळी उरकलं. खरा खेळ तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात सुरू झाला.

आवक टेबलावरच्या गृहस्थांनी ठराव उलटासुलटा करून बघितला आणि परत केला. मराठीत आहे, कन्नडमध्ये आणा. ठीक. आमच्या शाळेत कन्नड शिकवणाऱ्या बाईंनी रात्री बसून सुवाच्य अक्षरात सगळा ठराव कन्नडमध्ये लिहून दिला. मग नुसता ठराव चालत नाही, हेडमास्तरांचं पत्र जोडा. जोडलं. मग टेबलवाले सर्वेक्षणाच्या ड्युटीवर. ते परत आल्यावर म्हणाले, "ठेवून जावा, साहेब बघतील."

हे "ठेवून जावा" म्हणजे काय, ते टेबलाखालच्या गठ्ठ्याकडे बघितलं की कळतं. मी शिक्का मागितला. "नाळे बर्री अक्का," म्हणजे उद्या या, ताई. दुसऱ्या दिवशी गेले तर पुन्हा तेच. शेवटी वैतागून त्यांनीच खरं सांगितलं : शिक्का दिला की नंबर द्यावा लागतो, नंबर दिला की उत्तर द्यावं लागतं. इतकं प्रामाणिक वाक्य त्या इमारतीत मी दुसरं ऐकलेलं नाही.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून नवीन फाटा फुटला. ठरावात "शाळेच्या पेटीवर" असं लिहिलंय, तर पेटी शाळेची कशावरून? पेटी माजी विद्यार्थ्यांनी दिलेली. भाता दोनदा बदललेला, काळी चारची पट्टी दाबली की वर यायला वेळ घेते, पण डेड स्टॉक रजिस्टरात, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, तिची नोंदच नाही! म्हणजे कागदोपत्री आमच्या शाळेत पेटी नव्हतीच. घरी येईपर्यंत माझं डोकं तापलेलं. तुमच्या शाळेत पेटी, तबला, ढोलकी, लेझीम, जे काही असेल त्याची नोंद आजच करून घ्या. देणगी असेल तर देणाऱ्याचं दोन ओळींचं पत्र रजिस्टराला चिकटवा. नोंद नसलेली वस्तू कुणीही उचलून नेऊ शकतो आणि नोंद नसलेला तास कुणीही काढून घेऊ शकतो.

त्यानंतर कन्नडच्या बाई स्वतः रजा टाकून माझ्याबरोबर आल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "तुम्ही शिक्का देऊ नका, आम्ही हेच स्पीड पोस्टानं पाठवतो. पोस्टाची पोच आम्हाला पुरते." झालं, ड्रॉवर उघडला. शिक्क्याची तारीख मागच्या महिन्यावर अडकलेली, ती त्यांनी पेनानं खोडून दुरुस्त केली. मी तिथंच उभं राहून त्या दुरुस्तीवर त्यांची छोटी सही घेतली. कंटाळून त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांची जमीन लिहून घेतेय.

नंबर हातात आल्यावर पुढचं सोपं होतं. वाट बघितली, काही हललं नाही, मग माहिती अधिकारात अर्ज टाकला : अमुक आवक क्रमांकाच्या पत्रावर काय कार्यवाही झाली? एवढंच. कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लागतो, त्यामुळे संगीताची महती त्यात लिहीत बसू नका. फी १० रुपये. कायद्यानं उत्तराला ३० दिवस. उत्तराच्या आधी परवानगीचं पत्रच आलं : शाळेच्या वेळेत, मुख्याध्यापकांच्या देखरेखीखाली, सरकारवर आर्थिक बोजा न पडता. त्या शेवटच्या पाच शब्दांवर मी बराच वेळ हसले.

कायद्याचं सांगायचं राहिलं. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात सहावी ते आठवीचा पट १००च्या वर असेल तर कलाशिक्षणासाठी अर्धवेळ शिक्षक असावा, असं स्पष्ट लिहिलंय. आमचा सहावी-सातवीचा पट तिथं पोचत नाही, त्यामुळे आम्हाला त्याचा उपयोग शून्य. तुमचा पोचत असेल तर ठरावाची पहिली ओळ तीच लिहा आणि वर्गणीच्या भानगडीत पडू नका. आम्हाला कामाला आलं ते कलम २२ : शाळा विकास आराखडा समितीनं करायचा आणि सरकारी अनुदानाचं नियोजन त्याच्या आधारे व्हायचं. संगीताचे तास त्या आराखड्यात घातले की पुढचे मुख्याध्यापक बदलून आले तरी ते खोडायला त्यांना समितीपुढे यावं लागतं. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या बायका असाव्या लागतात. नुसत्या सह्यांपुरत्या जाऊ नका, बैठकीत बोला.

शाळेच्या अनुदानातून मानधन मागू नका, हेही सांगते. १०१ ते २५० पटाच्या शाळेला वर्षाला ५०,००० रुपये मिळतात, त्यातला किमान दहावा भाग स्वच्छतेवर. उरलेल्यात खडू, वीजबिल, दुरुस्त्या. सरांनी वही उघडून दाखवली तेव्हा मीच गप्प बसले. वर्गणी मात्र एसडीएमसीच्या खात्यात भरा, पावती फाडा, बुवांना रक्कम चेकनं द्या.

ज्या जिल्ह्यातल्या सुळेभावीत १९२४ साली कुमार गंधर्व जन्मले आणि ज्या शहरात त्यांच्या नावाचं रंगमंदिर आहे, तिथं पोरांच्या दोन तासांसाठी एवढी पायपीट करावी लागते, याचा राग येतो. पण हा राग ठरावात लिहू नका. त्यापेक्षा प्रतिभा कारंजीची प्रमाणपत्रं जोडा, ती त्यांच्याच खात्याची असतात, नाकारता येत नाहीत.

बुवांचे तास आता मंगळवारी आणि शुक्रवारी, वेळापत्रकात लाल शाईत. माहिती अधिकाराच्या फीसाठी पोस्टल ऑर्डर देणार असाल तर आधीच आणून ठेवा. आमच्या पोस्टात दहाची नेहमी संपलेली असते.