हॉवेल टॉर्पेडोची १:४ प्रतिकृती: चाक बसवलं

अमेरिकी नौदलातले अधिकारी जॉन अ‍ॅडम्स हॉवेल यांच्या टॉर्पेडोत दाबाची हवा नव्हती. सगळी ताकद सुमारे ६० किलोच्या जड चाकात. डागण्याआधी वाफेच्या टर्बाइनने ते मिनिटाला १०,००० फेऱ्यांपर्यंत नेत. बुडबुडे नाहीत, त्यामुळे पाण्यावर मागही उमटत नसे.

मूळचा व्यास ३६ सेंमी, लांबी ११ फूट. १:४ ला ९० मिमीचा पीव्हीसी पाइप चपखल बसतो. लांबी ८४ सेंमी. वजन मात्र ६४ पटीने उतरतं, म्हणजे चाक ९४० ग्रॅमचं. ७० मिमी व्यास, ३१ मिमी जाडीचं पोलादी चाक लेथवर काढलं आहे. आस ८ मिमीची, दोन्हीकडे ६०८ बेअरिंग. रबरी सीलची बेअरिंग घेऊ नका, घासून फेऱ्या खातात; पत्र्याच्या झाकणाची घ्या, ग्रीस धुऊन पातळ तेल सोडा.

सगळ्यात जास्त वेळ तोल साधण्यात जातो आणि तो द्यावाच. दोन समांतर, समतल पात्यांवर आस ठेवून चाक मोकळं सोडा. जड बाजू खाली येऊन थांबते; तिथेच, कडेजवळ, ३ मिमीच्या ड्रिलने उथळ खड्डा करा. चाक कुठेही सोडलं तरी जागचं हलेनासं झालं की पुरे. ही पायरी टाळली तर ६,००० फेऱ्यांना पाइप थरथरतो आणि बेव्हल गिअरचे (चाकाची फिरकी काटकोनात वळवून मागच्या पंख्यांकडे नेणाऱ्या तिरप्या दात्यांच्या चाकांचे) दात झिजतात.

आस आडवी, पाइपला बरोबर काटकोनात हवी. हॉवेल यांची खरी करामत इथे आहे. बाजूने धक्का बसला तर फिरतं चाक नाक वळू देत नाही, टॉर्पेडो कुशीवर कलतो. मुळात लंबक हा कल ओळखून उभं सुकाणू हलवत असे. नाक वर-खाली होण्याला मात्र चाकाचा विरोध नाही, कारण ती हालचाल आसेभोवतीचीच. म्हणून खोली राखायला आडवे पंख वेगळे लागतात.

६,००० फेऱ्यांना चाकात साधारण ११५ ज्यूल साठतात. चाक बाहेरून, कुशीतल्या भोकातून ब्रशलेस मोटरने फिरवायचं आणि मग रबरी बूच लावायचं.

पुढचं काम शेजारी-शेजारी बसणाऱ्या दोन पंख्यांचं. चाक मंदावेल तसा पात्यांचा कोन वाढला पाहिजे, मूळ यंत्रात तशी सोय होती. स्थिर कोनाचे पंखे लावले तर सुरुवातीला वेग जास्त आणि शेवटी रडतखडत. तूर्त दोन्ही पंखे एकमेकांच्या उलट फिरतील असेच गिअर जोडा. एकाच दिशेने फिरले तर पाइप गरगरतो.